जॅकेट मुलांनाच शिवू द्या

पालकहो, थंडी पडली की घरात सहलीचं, गडावरच्या मुक्कामाचं, नाहीतर पहाटेच्या ट्रेकचं बोलणं सुरू होतं आणि मागोमाग 'मला जॅकेट पाहिजे' हेही येतं. मग आपण नवी पेठ गाठतो, चार दुकानं पालथी घालतो, पुढच्या वर्षीही व्हायला हवं म्हणून एक माप मोठंच घेतो आणि मोकळे होतो. यंदा माझं एक ऐका. त्याच पेठेतून जॅकेटऐवजी कापड आणा आणि शिवायचं काम मुलांवर सोपवा.

सोलापूरकरांना हे मी जरा हक्कानं सांगते. आपल्या गावातून ठिकठिकाणच्या शाळांचे गणवेश शिवून जातात. चादर तर गावाच्या नावानंच ओळखली जाते. आणि याच गावात नववीतल्या मुलाला तुटलेलं बटण लावता येत नाही, याचं आपल्याला काही वाटेनासं झालंय. मला वाटतं. शिलाईची मजुरी देताना आपण दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो, तीही मुलं शेजारी उभी असताना. एक बाही स्वतः जोडून बघितलेलं मूल तशी घासाघीस करणार नाही.

पहिल्याच खेपेला रेनकोट शिवायला घेऊ नका. पाणी अडवणाऱ्या कापडाला सुईचं प्रत्येक भोक म्हणजे गळती. शिवणीवर आतून पट्टी चिकटवावी लागते, ते नवख्या हाताला अवघड. वारा अडवणारं साधं जॅकेट घ्या. बाहेरून घट्ट विणीचं नायलॉन, आतून फ्लीसचं अस्तर. फ्लीसमध्ये हवा अडकून राहते म्हणून ऊब टिकते आणि बाहेरचं कापड वारा आत शिरू देत नाही. कळसूबाईच्या १६४६ मीटरवर पहाटे कशाची गरज असते, तर याचीच. दुकानात आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायला सांगा. ५८ इंची पन्ह्यात बारा-तेरा वर्षांच्या मुलाचं जॅकेट साधारण दोन मीटरमध्ये टोपीसकट बसतं. सुई ११ नंबरची आणि नवी हवी, दोरा पॉलिस्टरचा. इस्त्री कोमट ठेवा, नायलॉन चटकन वितळतं.

मापं मुलानं टेपनं स्वतः घ्यावीत, वहीत लिहावीत. छाती ३२ इंच भरली तर जॅकेटचा घेर ४०च्या आसपास लागतो, कारण आत स्वेटर असणार. हा हिशेब त्यालाच मांडू द्या. नवं कापड बेतण्याआधी जुन्या चादरीचं एक कच्चं जॅकेट शिवायला लावा. ते अंगात घालून, पाठीवर भरलेली सॅक अडकवून, दोन्ही हात वर करायला सांगा. कंबर उघडी पडली की उंची कमी. मनगट बाहेर आलं की बाही आखूड, नाहीतर मुंढा, म्हणजे बाही अंगाला जोडतात तो गोल, चुकलेला. मुंढा नीट बसवायला कारागिरालाही सराव लागतो, म्हणून पहिल्या जॅकेटला गळ्यापर्यंत जाणारी रॅग्लन बाही बरी.

खरी परीक्षा चेनची. पुढून पूर्ण उघडणारी चेन आधी हातानं कच्चा दोरा घालून बसवायची, मग मशीनवर. आणि दोन्ही बाजू खालून वरच शिवायच्या. एक बाजू खालून आणि दुसरी वरून शिवली, की कापड सरकतं, एक पल्ला लांब होतो आणि चेन लावल्यावर कॉलर वर-खाली दिसते. मग उसवणं आलं. मुलं इथेच रडकुंडीला येतात आणि आपण इथेच 'आण इकडे, मी करते' म्हणून कापड ओढून घेतो. कळकळीनं सांगते, तेवढं करू नका. शेजारी बसा, चहा द्या, उसवायला सुई-कात्री हातात द्या, पण कापड त्याच्याच मांडीवर राहू द्या. आपण नीट करून दिलेलं जॅकेट आपलं होतं, त्याचं राहत नाही.

मुलग्यांचे पालक इथवर वाचून म्हणतील, आमच्या मुलाला शिवण कशाला? १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचलेल्या पाच जणांत ऑस्कर विस्टिंग होता. त्या मोहिमेचे तंबू मशीनवर शिवण्याचं काम त्यानं केलं होतं. फार लांब तरी कशाला जायचं, आपल्या गल्लीतला शर्ट-पँटचा टेलर कोण असतो? आणि मुलींच्या पालकांनो, लेकीला खिसा हवा तेवढा खोल ठेवू द्या. रेडिमेड कपड्यांत तिच्या वाट्याला बहुतेक वेळा नुसता दिखाऊ खिसा येतो.

पैसे वाचतील असं मी म्हणणार नाही. कापड, अस्तर, चेन, इलॅस्टिक धरलं तर तयार जॅकेट कदाचित स्वस्तच पडेल. वेळही जाईल, एखाद्या रविवारचा क्लास बुडेल. घरात मशीन नसेल तर मावशी, आत्या, शेजारच्या काकू यांच्यापैकी कुणाकडे असेलच. विचारलं तर त्या आनंदानं शिकवतील. पण एक पाहा. शिवण उसवली तर अशा मुलाला ती दुरुस्त करता येते, ते जॅकेट टाकून नवं मागत नाही. पुढं वाढत्या अंगाला बाही कमी पडली की पट्टी जोडायची कुठं, हेही त्यालाच ठाऊक असतं.

तेव्हा या आठवड्यात, गर्दी नसेल अशा वेळी, मुलाला किंवा मुलीला घेऊन नवी पेठेत जा. मापांची वही त्यांच्या हातात असू द्या. दुकानदाराशी त्यांनाच बोलू द्या, कापड बोटांत चुरगाळून बघू द्या, रंगही त्यांनाच निवडू द्या. तुम्ही फक्त पैसे द्या.