पैसे दिले, ते कामी आले का?

सीरिया देशात २०११ साली आपसात लढाई पेटली. लाखो माणसे घरदार टाकून शेजारच्या लेबनॉनात गेली. हा मुलूख डोंगराळ. हिवाळ्यात वर बर्फ पडते.

नोव्हेंबर २०१३ ते एप्रिल २०१४ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित-संस्थेने तिथे रोख मदत दिली. एका कुटुंबाला सुमारे ५७५ डॉलर. पण निधी थोडा. म्हणून रेघ ठरवली : ५०० मीटरपेक्षा उंच राहतील त्यांनाच पैसे. रेघेच्या जरा खाली राहणाऱ्याच्या हाती काही पडले नाही.

रोख पैसा लोक उधळतील, अशी शंका पुष्कळांना असते. ती तपासावी कशी? खत लागू पडले का, हे आपण कसे ओळखतो? शेजारच्या बिनखताच्या वाफ्याकडे पाहून ना? इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी या संस्थेने तेच केले. रेघेच्या जरा वरची आणि जरा खालची कुटुंबे ताडून पाहिली. गरिबी सारखी, थंडीही जवळजवळ सारखी. फरक फक्त पैशाचा.

उधळपट्टी आढळली नाही. बाजारभावही फारसे चढले नाहीत. पैसे मिळाले त्या घरची मुले मजुरीला कमी गेली, शाळेत जास्त गेली.

पैसे दिले होते शेगडी-इंधनासाठी. बहुतेक गेले अन्नपाण्यावर. यात नवल ते काय? पोट रिकामे असताना शेगडी कोण पेटवील? मदत मिळूनही जवळजवळ निम्म्या कुटुंबांना ऊब पुरली नाही. ५७५ डॉलर दोन्हींना पुरण्याजोगे नव्हतेच.