पारव्यांची मोजणी

पक्षी पाहणें सोपें, परंतु पक्षी मोजणें अवघड. हा धडा आम्हांस हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटावर मिळाला. तो बालवाचकांस थोडक्यांत सांगतों.

आम्ही सात जण माएबूर गांवाजवळून होडीनें ‘ईल ओ एग्रेत’ नांवाच्या चिमुकल्या बेटावर गेलों. हें बेट पोंवळ्यांच्या चुनखडीचें असून त्याचें क्षेत्रफळ सुमारें ६५ एकर आहे. तेथें वाटाड्याबरोबरच फिरावें लागतें. आबनुसाच्या दाट छायेंत शिरलों, तोंच एका फांदीवर गुलाबी पारवा दिसला. हा पक्षी मॉरिशसवांचून अन्यत्र रानांत आढळत नाहीं. सतराव्या शतकांत नामशेष झालेला डोडो याचाच कुळबंधु होय.

परत आल्यावर आम्हीं टिपणें एकत्र केलीं. कोणीं दोन पारवे पाहिले होते, कोणीं एक. बेरीज करून आम्हीं मोठ्या अभिमानानें “अकरा” असें सांगितलें. वाटाड्या हंसून म्हणाला, “पायांतील कड्यांचे रंग ताडून पाहिलेत काय?” रंग सर्वांनीं टिपले होते, पण ताडले कोणींच नव्हते. ताडून पाहतां पारवे चारच निघाले! एकच पक्षी निरनिराळ्या झाडांवर निरनिराळ्या डोळ्यांस दिसला होता.

ही चूक क्षुल्लक नव्हे. उसाच्या मळ्यांसाठीं अरण्यें तुटलीं. उंदीर, मांजरें व माकडें अंडीं-पिलें खाऊं लागलीं. १९९० सालीं रानांत हे पारवे अवघे दहाच्या आसपास उरले होते. त्या वेळीं कोणीं दहांचे तीस मोजले असते, तर संकटाची खरी कल्पनाच आली नसती. पिंजऱ्यांत वाढविलेलीं पिलें रानांत सोडून, त्यांस दाणा घालून व उंदरांचा बंदोबस्त करून ही जात वांचविण्यांत आली. आज त्यांची संख्या कांहीं शेंकड्यांवर गेली आहे.

त्याच मळ्यांत एकोणिसाव्या शतकांत आपल्या कोंकणांतूनही मजूर गेले होते. त्यांचे वंशज आजही तेथें गणेशचतुर्थी साजरी करितात.

म्हणून विद्यार्थ्यांनो, पक्षी पाहण्यास मिळून जा, पण वही एकाच्याच हातीं द्या. वेळ, स्थळ व ओळखीची खूण लिहा. शंका असेल तेथें कमी आंकडा धरा. पालकांनींही सुट्टीच्या दिवशीं मुलांस जवळच्या तळ्याकांठीं न्यावें. अनेक डोळे उपयोगी खरे, पण सत्य हातीं लागतें तें ताळा घेतल्यावरच.