तंजावरची रद्द झालेली निवडणूक

मतदानकेंद्र बळाने ताब्यात घेतले गेल्यास निवडणूक रद्द करण्याची तरतूद १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. मते विकत घेतली गेल्यास मात्र तसा स्पष्ट अधिकार त्यात नाही. लाच हे भ्रष्ट आचरण ठरते खरे, परंतु त्याविरुद्धची निवडणूक याचिका निकालानंतरची. भोसले राजांमुळे मराठी वाचकास परिचित असलेल्या तंजावरात २०१६ साली ही उणीव उघड झाली. १६ मे रोजी तामिळनाडूत विधानसभेसाठी मतदान झाले. तंजावर व अरवकुरिची हे मतदारसंघ तेवढे वगळण्यात आले, कारण तेथे मतदारांना रोकड व भेटवस्तू वाटल्या गेल्याचा आयोगाचा निष्कर्ष होता. तारीख आधी २३ मे, मग १३ जून अशी पुढे गेली. पण दिवस लोटल्याने वाटलेल्या पैशाचा प्रभाव ओसरतो थोडाच! २८ मे रोजी आयोगाने अधिसूचनाच मागे घेतली. आधार होता संविधानाच्या ३२४ व्या अनुच्छेदाचा, ज्याने निवडणुकांचे अधीक्षण व नियंत्रण आयोगाकडे सोपविले आहे. (चोळकालीन उत्तरमेरूरच्या शिलालेखानुसार ग्रामसभेचे सदस्य घड्यातून चिठ्ठी काढून निवडले जात, चिठ्ठीला लाच देता येत नाही.) अखेर १९ नोव्हेंबरला मतदान झाले. २०१९ मध्ये वेल्लोर लोकसभा मतदारसंघातील निवडणूकही पैशांच्याच कारणावरून रद्द करावी लागली.