पाण्यावरून जाणारा रस्ता क्र. ११३

हायवे इंजिनिअरिंगच्या सुरुवातीला आपण सगळे एक उत्तर पाठ करतो. १९४३ चा नागपूर प्लॅन आणि रस्त्यांचं वर्गीकरण: राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते. मीही पाठ केलं होतं. पण व्हायवाला सरांनी वेगळंच विचारलं, "रस्त्याला नंबर कशाला द्यायचा?" मी म्हटलं, "ओळखायला, सर." सर म्हणाले, "एवढंच? जरा शोधून बघ." मार्क गेले हे तर कळलंच, पण खरंच शोधायला बसलो आणि रस्त्यावरून थेट एका बोटीवर जाऊन पोचलो. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

गोष्ट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची आहे. त्या काळी तिकडे लांबच्या रस्त्यांना नावं असायची आणि मोटारवाल्यांचे क्लब खांबांवर आपापल्या रंगांचे पट्टे मारायचे. एकेका खांबावर तीन-तीन पट्टे, म्हणजे नवीन माणसाचा गोंधळ ठरलेला. १९१८ मध्ये विस्कॉन्सिनने आपल्या मुख्य रस्त्यांना नंबर दिले आणि त्या नंबरच्या पाट्या रस्त्यावर लावल्या. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या आदल्या वर्षीचं. १९१७ च्या कायद्याने कोणते रस्ते राज्याच्या जाळ्यात येणार आणि त्यांची देखभाल कशी होणार हे आधी ठरलं, नंबर नंतर आले. म्हणजे नंबर हा नुसता पत्ता नाही. हा रस्ता बिघडला तर कोणाला विचारायचं, तेही तो सांगतो.

आता याच राज्याचा रस्ता क्र. ११३ बघा. हा मॅडिसनहून निघून बाराबू गावाला जातो. वाटेत मेरीमॅकला विस्कॉन्सिन नदी आडवी येते. तिथे १८४० च्या दशकापासून नाव चालायची आणि पैसे देऊन पलीकडे जावं लागायचं. पुढे १९१४ च्या सुमारास खाली प्रेअरी डू सॅक इथे धरण झालं, पाणी फुगलं आणि नदीचं 'लेक विस्कॉन्सिन' झालं. पात्र रुंद झालं, म्हणजे पूल महाग झाला. गंमत म्हणजे आगगाडीसाठी तिथे जवळच पूल आहे, मोटारींसाठी नाही!

१९३३ मध्ये राज्याने ही फेरी स्वतःकडे घेतली आणि भाडं बंद केलं. तेव्हापासून ती फुकट आहे. सध्याची बोट २००३ पासून चालते, नाव 'कोलसॅक ३'. दोन काठांवरच्या कोलंबिया आणि सॉक या जिल्ह्यांच्या नावांतून ते जुळवलंय. पंधरा गाड्या मावतात. बोट पोलादी दोरांच्या आधाराने सरळ रेषेत जाते, त्यामुळे भरकटायचा प्रश्न नाही. मोसमात रात्रंदिवस चालू, आणि पाणी गोठलं की बंद. हिशोब करणारा म्हणेल, इतका पगार आणि डिझेल कशाला, लोकांना वळसा घालू दे. पण रस्ता राज्याचा आहे, मग मधलं पाणीही राज्याचंच काम. मला हा युक्तिवाद पटतो.

नंबर असून पाणी दुसऱ्याच्या हातात असलं की काय होतं, तेही शेजारीच दिसतं. १९२६ मध्ये देशभरचे नंबर ठरले. त्यातला यू. एस. १० लेक मिशिगनच्या एका काठाला लडिंग्टनला थांबतो आणि समोरच्या काठावर मॅनिटोवॉकला पुन्हा सुरू होतो. मध्ये साठ मैल पाणी, चार तासांचा प्रवास. तिथली 'बॅजर' ही बोट १९५३ मध्ये सुरू झाली. ४१० फूट लांब, कोळशावर चालणारी आणि मुळात रेल्वेचे डबे वाहून नेण्यासाठी बांधलेली. मेकॅनिकलवाल्यांनो, तिचं वाफेचं इंजिन 'स्किनर युनाफ्लो' जरूर वाचा! रेल्वेचा धंदा बसला आणि नोव्हेंबर १९९० मध्ये बोट बंद पडली. दोन्हीकडे पाट्या तशाच, मधला रस्ता गायब. लडिंग्टनच्याच एका उद्योजकाने ती विकत घेऊन १९९२ मध्ये मोटारींसाठी पुन्हा चालू केली. ती अधिकृतपणे यू. एस. १० चा भाग ठरली ती थेट २०१५ मध्ये. जुलै २०२३ मध्ये लडिंग्टनच्या धक्क्यावरचा रॅम्प निकामी झाला आणि उरलेला मोसम बुडाला. बोट धडधाकट होती, पण गाड्या चढणार कुठून? २०२४ मध्ये ती परत सुरू झाली.

व्हरमाँट राज्यात तर लेक शँप्लेनच्या धक्क्याकडे जाणाऱ्या एका छोट्या रस्त्याचा नंबरच 'एफ-५' आहे. एफ म्हणजे फेरी.

हे सगळं मी का वाचत बसलो? माझं आजोळ कोयनेच्या शिवसागराच्या पलीकडे आहे. साताऱ्याहून कासवरून बामणोलीपर्यंत रस्ता, आणि पुढे लाँच. धरणाने पाणी आलं आणि काठावरची गावं एकमेकांपासून तुटली. सहावीत असताना आम्ही संध्याकाळी बामणोलीला पोचलो, तर लाँचवाला लग्नाला गेलेला. रात्र एका हॉटेलच्या बाकड्यावर काढली. आजी आजारी होती आणि पलीकडचा दिवा दिसत होता. तक्रार कोणाकडे करायची, हे तेव्हा मामालाही सांगता आलं नव्हतं.

दिवाळीत आजीला ११३ नंबरची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "फुकट? आणि रात्रीची पण?"

"हो."

"आणि पाणी गोठल्यावर रे?"

"मग वळसा घालून जातात."

"म्हणजे त्यांना वळसा तरी आहे," असं म्हणून ती चुलीकडे वळली.