तेल किती? खरं सांगा

पिंपरीच्या संत तुकाराम नगरातून वायसीएम रुग्णालयाच्या बाजूला चालत निघालं की जवळच एच.ए. लागते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ची सरकारी कंपनी. सरकारी नियोजन म्हटलं की लोकांना असं काहीतरी दिसतं: गेट, भोंगा, कॉलनी. मी नियोजनाच्या न दिसणाऱ्या बाजूला होतो. राष्ट्रीय नमुना पाहणीत नोकरी, म्हणजे दारोदार जाऊन प्रश्न विचारायचे. त्यातून जे उमगलं ते हे.

१. फॉर्म आधी काढू नये. भोसरीतल्या एका गाळ्यात पहिल्याच वर्षी मी बसायच्या आत कागद काढले. मालकाला वाटलं, इन्कम टॅक्सवाले आले. "साहेब, अकाउंटंट गावाला गेलाय." तो तीन महिने गावालाच होता! पुढे मी चहा नाकारणं सोडलं. कायद्याने ही माहिती गुप्त राहते, कर खात्याकडे जात नाही, हे चहा संपता संपता सांगितलं की पटतं. दारातच सांगितलं की धमकी वाटते.

२. 'नऊ' ऐकलं की लेथ मोजावेत. माझ्या वेळी १९४८च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेत १० कामगार झाले की तो कारखाना ठरायचा. वीज नसेल तर २०. वार्षिक उद्योग पाहणी नोंदलेल्या कारखान्यांची, तर लहानसहान धंद्यांची पाहणी वेगळी. या दुसऱ्या पाहणीत मला नऊ कामगारांचे इतके गाळे भेटले की योगायोग म्हणवेना. एका ठिकाणी मशीन बारा, जेवणाचे डबे चौदा, माणसं नऊ. मी डब्यांकडे बघत राहिलो. मालक म्हणाला, "पाहुणे आलेत." पाहुण्यांच्या हाताला ग्रीस होतं. तो दहावा माणूस कायद्याच्याही बाहेर आणि आकड्याच्याही. त्याच्यासाठी योजना कोण आखणार? मालकावर मी फार चिडत नाही. दहाव्या माणसाबरोबर रजिस्टरं, तपासण्या आणि खर्च यायचा, हेही त्याच्याकडूनच कळलं.

३. मोठ्या कारखान्यात हजेरीचं मस्टर एक असतं आणि शिफ्ट सुटताना गेटमधून बाहेर पडणारी गर्दी दुसरी. फॉर्ममध्ये थेट नेमलेले आणि ठेकेदारामार्फत आलेले असे वेगळे रकाने असतात. दुसरा रकाना मागून घ्यावा लागतो.

४. तेलाचा आकडा घरातल्या बाईला विचारावा. माझी सगळ्यात मोठी चूक इथली. घरखर्चाच्या पाहणीत 'गेल्या ३० दिवसांत किती?' असं ज्वारी, साखर, तेल असा एकेक जिन्नस घेऊन विचारायचे. मी नवऱ्याला विचारायचो. एकदा नवरा म्हणाला, "पाच किलो." आतून आवाज आला, "तीन. आणि तेही उधारीवर." मी पाच खोडून तीन लिहिले. त्याआधी किती घरांत 'पाच' तसेच राहिले असतील, ते आठवलं की अजून लाज वाटते. कारण हे आकडे कपाटात पडून राहत नाहीत. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा जो गाजलेला अभ्यास मांडला, तो नमुना पाहणीच्या अशाच घरखर्चाच्या आकड्यांवर. त्याच संस्थेचे धनंजयराव गाडगीळ तेव्हा नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. राज्यांना केंद्राची मदत वाटण्याचं त्यांचं सूत्र १९६९चं, आणि त्यातला ६० टक्के भार लोकसंख्येवर. म्हणजे पुन्हा मोजणीच.

५. पाटी बदलते, पाहणीवाल्याची पिशवी तीच. नियोजन आयोग आणि नमुना पाहणी दोन्ही १९५०ची. २०१५मध्ये आयोगाच्या जागी नीती आयोग आला, २०१९मध्ये आमच्याही खात्याचं नाव बदललं. मी निवृत्त झालो तरी आकड्यांतून सुटलेलो नाही. माझ्या पेन्शनवरचा महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरतो, तो कुणीतरी दुकानादुकानांत भाव विचारूनच निघतो.

तुमच्या दारात पाहणीवाला आला तर ओळखपत्र जरूर बघा, मग त्याला आत बसवा. अकाउंटंटला गावाला पाठवू नका.