केमोथेरपीतील खंड, रुग्णाची चिंता आणि आपले कर्तव्य

केमोथेरपी चालू असलेला रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा दोन प्रसंगी. एक, छर्दी, मुखपाक, अग्निमांद्य यांनी जेरीस आल्यावर. दुसरा, ठरलेल्या दिवशी केमो न मिळता रुग्णालयातून घरी परत पाठविला गेल्यावर. पहिल्या प्रसंगाविषयी आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले जाते. दुसऱ्याविषयी क्वचितच, आणि रुग्ण उपचार अर्धवट सोडतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रसंगानंतर, असा आमचा अनुभव आहे. सदर लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

सोलापुरात सात रस्ता येथील आमच्या चिकित्सालयात शहराबरोबरच मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा या तालुक्यांतूनही रुग्ण येतात. त्यांतील कर्करोगाचे रुग्ण कोणी शहरात, कोणी बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात, तर कोणी मुंबईस टाटा रुग्णालयात उपचार घेत असतात. (ग्रामीण भागातील देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीस सुरू झाली, हे आपल्या जिल्ह्यातील वैद्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.)

दोन वर्षांपूर्वी शहराच्या पूर्व भागातील एका विडी कामगार महिलेचा मुलगा एकटाच फाइल घेऊन आला. आईस स्तनाचा कर्करोग, केमोची दोन चक्रे झालेली, तिसरे लागोपाठ दोनदा पुढे ढकललेले. ‘डॉक्टर, औषध लागू पडत नाही म्हणून परत पाठवतात. आता तुम्हीच काहीतरी द्या,’ असे त्याचे म्हणणे. फाइल उघडली तेव्हा पहिल्या खेपेस एकूण श्वेतकण १९०० व न्यूट्रोफिल ४२ टक्के होते, म्हणजे न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या सुमारे ८००. दुसऱ्या खेपेस २६०० च्या ५० टक्के, म्हणजे १३००. बहुतेक पद्धतींत ही संख्या १५०० आणि बिंबाणू एक लाख झाल्याखेरीज पुढील चक्र देत नाहीत. औषध लागू न पडण्याशी याचा काहीएक संबंध नव्हता. अस्थिमज्जा सावरत होती, थोडी सावकाश, इतकेच.

एकूण श्वेतकणांस न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणून शंभराने भागणे, एवढे हे गणित. ते आम्ही मुलास कागदावर करून दाखविले. केमोनंतर साधारण सातव्या दिवसापासून हे कण उतरू लागतात, दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत कमी होतात व तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पूर्वपदावर येतात. पुष्कळ पद्धतींत एकवीस दिवसांचे अंतर ठेवण्यामागे हेच कारण आहे.

खरी अडचण पुढे होती. आईस आजाराचे नावच सांगितलेले नव्हते. ‘गाठ विरघळण्याचे सलाइन’ एवढेच तिला माहीत. त्यामुळे परत पाठविण्याचे कारणही कोणी सांगेना. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन येण्यास सांगितले. मुलगा बाहेर गेल्यावर तेलुगू-मराठी मिसळून तिने विचारले ते एवढेच, ‘पोराचे पैसे संपले का?’ उपचार शासकीय योजनेतून विनामूल्य चालले होते. (राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या २०१२ मधील पहिल्या टप्प्यात सोलापूर जिल्हा होता, तीच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना.) तीन आठवडे ती बाई आपल्यामुळे घर बुडाले या विचाराने जागत होती, आणि झोप लागत नाही म्हणून मुलगा तिच्यासाठी अश्वगंधा चूर्ण मागत होता.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात रोग वाढविणाऱ्या भावांत विषादास अग्रस्थान दिले आहे. नवव्या अध्यायात रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. ज्या रुग्णापासून आजारच लपविला, त्याच्याकडून निर्भयतेची व लक्षणे नीट सांगण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? सत्त्वावजयाची सुरुवात आम्ही खरे सांगण्यापासून करतो. मात्र नातेवाइकांच्या संमतीने, रुग्णास पेलेल तेवढे आणि त्याच्या भाषेत. या बाईंना आजाराचे नाव मुलानेच सांगितले. त्या रडल्या, आणि नंतर त्यांनी पुढील तारीख विचारली. पुढच्या आठवड्यात न्यूट्रोफिल बावीसशेवर आले व तिसरे चक्र पंधरा दिवस उशिरा का होईना, पार पडले.

अशा एखाद्या आठवड्याच्या विलंबाने बिघडत नाही हे सांगावे, पण खंडाचे काहीच वाटू नये असेही बोलू नये. मिलान येथील बोनादोना यांनी १९९५ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचा वीस वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यात ठरलेल्या मात्रेच्या किमान ८५ टक्के औषध मिळालेल्यांनाच स्पष्ट लाभ दिसला. म्हणून वारंवार खंड पडत असेल तर कण वाढविणाऱ्या इंजेक्शनविषयी कर्करोगतज्ज्ञांस विचारण्यास रुग्णाला आपण होऊन सांगावे. २०२० च्या टाळेबंदीत रेल्वे व एसटी बंद असताना आमच्या काही रुग्णांची चक्रे चुकली. तेव्हा फोन करून जवळच्या केंद्रात सोय होते का हे पाहणे, हीच त्या काळात मोठी चिकित्सा ठरली.

कधीकधी खंडास आपले औषधच कारण होते, हे कटू असले तरी बोलले पाहिजे. यकृताच्या चाचण्या वाढल्या की पुढील चक्र थांबते. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतास इजा झालेले सहा रुग्ण नोंदविले. वनस्पतीची ओळख निश्चित केलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद काहीही असो, केमोच्या रुग्णात ही जोखीम आम्ही घेत नाही. अश्वगंधेसंबंधीही यकृताच्या तक्रारींची नोंद झालेली आहे. त्रिकटूतील पिंपळी-मिरी इतर औषधांचे शोषण व पचन बदलतात. आपण ज्यास योगवाही म्हणतो तोच गुण येथे मात्रा बिघडवू शकतो. वृक्कावर ताण आणणारी केमो चालू असता भस्मे व रसकल्प टाळावेत. न्यूट्रोफिल कमी असता बस्ती, गुदवर्ती, रक्तमोक्षण सर्वथा वर्ज्य. मलबद्धतेसाठी सहज म्हणून दिलेली मात्राबस्तीसुद्धा त्या दिवसांत जंतुसंसर्गास वाट करून देते. सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन मिळते हे वाचून तिची पाने चावणारे लोकही आम्ही पाहिले आहेत; त्यांस वेळीच थांबवावे.

मग द्यावयाचे काय? ताजी पेया, मुगाचे यूष, उकळून गार केलेले पाणी, पूर्ण शिजलेले अन्न. मुखपाक असता शेंगदाण्याची चटणी व कडक भाकरी काही दिवस बाजूस ठेवून ज्वारीच्या पिठाची पातळ पेज तूप घालून द्यावी, कोमट पाण्यात मीठ व खाण्याचा सोडा घालून गुळण्या कराव्यात. सोलापूरच्या उन्हाळ्यात हातगाडीवरचा उसाचा रस मागतात, तो नको. रात्री तीळतेलाने हलके पादाभ्यंग, तेही तळपायाची आग वा त्वचा सोलणे नसेल तरच. यापलीकडील काहीही कर्करोगतज्ज्ञांस कळवूनच.

ज्वराविषयी आमचीच एक चूक सांगतो. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत केमोच्या अकराव्या दिवशी ज्वर आलेल्या एका गृहस्थांस आम्ही लंघन व काढा देऊन दोन दिवस घरी ठेवले. तिसऱ्या दिवशी त्यांस अतिदक्षता विभागात न्यावे लागले. जीव वाचला, पण राहिलेली केमो पुढे झाली नाही. तेव्हापासून अशा प्रत्येक घरी तापमापक असलाच पाहिजे असा आमचा आग्रह असतो. १००.४ अंश फॅरनहाइट झाले की, मध्यरात्र असली तरी, तापाची गोळी न देता आधी रुग्णालयास फोन आणि त्याच तासास प्रस्थान. त्या तापास वैद्याने हात लावू नये.

औषधालयचालक बंधूंस एक विनंती. ‘कॅन्सरवर काही आहे का?’ म्हणून विचारणाऱ्या गिऱ्हाइकास आधी ‘केमो चालू आहे का?’ असे विचारावे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याच्या परिशिष्टात कर्करोगाचा समावेश आहे. तो बरा करण्याचा दावा करणारे फलक दुकानात लावणे गुन्हा ठरतो. आमच्या शेजारच्या औषधालयात गल्ल्यापाशी मराठी, तेलुगू व कन्नड अशा तीन भाषांत एक पाटी लावली आहे : केमो चालू असल्यास कोणतेही चूर्ण घेण्यापूर्वी फाइल दाखवा. पाटी लावल्यापासून चूर्णाचा खप थोडा उतरला, असे दुकानदार सांगतात. पाटी मात्र त्यांनी काढलेली नाही.