पावसानंतर वाट केव्हा वाळते?
पाणंदी व पायवाटांचा मृदाशास्त्रीय विचार

एकाच गावात, एकाच दिवशी, सारखाच पाऊस पडतो. तथापि पाऊस उघडल्यावर टेकडीच्या अंगची मुरमाड वाट काही तासांत चालण्याजोगी होते आणि काळ्या शिवारातील पाणंद मात्र कित्येक दिवस चिखलात राहते. वस्तीवरून सायकलने शाळेस येणाऱ्या मुलीच्या चाकात व मडगार्डात काळी माती गच्च बसते, चाक फिरेनासे होते आणि पुष्कळदा त्या दिवसाची शाळा बुडते. दूध संकलनाची वेळ चुकते. आजारी माणसास गाडीरस्त्यापर्यंत उचलून आणावे लागते. या साऱ्याचा दोष आपण पावसास देतो. वस्तुतः वाट किती लवकर वाळावी, हे पावसाइतकेच माती, जमिनीची ठेवण आणि आपली वहिवाट यांवर अवलंबून असते.

पाणी जाण्याचे तीन मार्ग

वाटेवर पडलेले पाणी तीन मार्गांनी जाते: ते वाहून जाते, जमिनीत मुरते किंवा वाफ होऊन उडून जाते. आपली सारी भिस्त तिसऱ्या मार्गावर, म्हणजे उन्हावर असते. परंतु आषाढ-श्रावणात आकाश ढगाळलेले व हवा दमट असल्याने बाष्पीभवन मंद असते. म्हणून पावसाळ्यात वाट वाळवण्याचे खरे काम पहिल्या दोन मार्गांनीच व्हावयास हवे.

मातीचा गुण

वाळूचे कण मोठे असतात व त्यांमधील पोकळ्याही मोठ्या असतात; त्यामुळे पाणी झरझर खाली उतरते. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात आणि ते पाणी धरून ठेवतात. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून बनलेल्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असून ती भिजल्यावर फुगते. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी सहज आत जाते; पण माती फुगून भेगा मिटल्या, की मुरण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. मग उरतो तो वाहून जाण्याचा मार्ग, आणि सपाट शिवारात तोही नसतो. काळ्या मातीची हीच अडचण आहे.

मुरमाची गोष्ट निराळी. तो भरड असल्याने पाणी खाली सोडतो. कोकणातील जांभा सच्छिद्र असल्याने त्यावरही पाणी फारसे साचत नाही. मात्र सड्यावरील खोलगट जागी ते तुंबते आणि सततच्या ओलीने शेवाळ धरते. अशी वाट चिखलाची नसली, तरी निसरडी असते, हे विसरू नये.

उतार, बाजू व सावली

उतार अजिबात नसेल तर पाणी साचते. वाट उताराच्या सरळ रेषेत उतरत असेल तर ती स्वतःच ओढा बनते. माती वाहून जाते आणि घळ पडते. डोंगरातील वाट म्हणून आडवी व वळणावळणाने काढावी लागते. वाटेचा चढ त्या डोंगरउताराच्या निम्म्याहून अधिक नसावा आणि वाट दरीच्या बाजूस किंचित कललेली असावी, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता वाट ओलांडून निघून जाते. डोंगरी सायकलींसाठी वाटा आखणारेही हाच नियम पाळतात.

जून-जुलैत आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे उतार कोणत्या दिशेचा आहे याने फारसा फरक पडत नाही. कार्तिकानंतर सूर्य दक्षिणेकडे झुकतो. तेव्हा अवकाळी पाऊस झाल्यास उत्तरेकडील उताराची वाट उशिरा वाळते. दाट झाडोऱ्यामुळे ऊन व वारा अडून वाळण्यास विलंब लागतो. परंतु त्याच झाडांची मुळे माती धरून ठेवतात. म्हणून झाडे तोडण्याऐवजी वाटेवर आलेल्या फांद्या छाटणे उचित होय.

पहिले चाक

भातशेतीत आपण मुद्दाम चिखलणी करतो. ओली माती मळली गेल्याने तिच्यातील पोकळ्या बुजतात आणि पाणी खाचरात टिकते. ओल्या पाणंदीवरून ट्रॅक्टर किंवा गाडी नेली, की नकळत हीच चिखलणी घडते. चाकोरी खोल जाते, तिच्यात पाणी साचते, पुढचे चाक ती आणखी खोल करते. एका दिवसाच्या घाईमुळे वाट कित्येक दिवस बंद पडते. पाय ठेवला असता खोल ठसा उठत असेल, तर जड वाहन नेऊ नये, ही साधी कसोटी होय.

शाळेसाठी एक प्रयोग

शिक्षकांनी गावातील निरनिराळ्या वाटांची माती आणून सारख्या काचेच्या बाटल्यांत तिसरा हिस्सा भरावी, वर पाणी घालून बाटली जोराने हलवावी व स्थिर ठेवावी. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत तळाशी बसते, गाळ काही तासांत बसतो आणि चिकणमातीने पाणी दिवसभर वा अधिक काळ गढूळ राहते. थरांची उंची मोजून मुलांनी तक्ता करावा. त्याच वाटा पाऊस उघडल्यानंतर किती तासांनी चालण्याजोग्या झाल्या, याची नोंद पावसाळाभर ठेवावी. दोन्ही तक्ते शेजारी मांडले, की कोणत्या वाटेस माती नडते आणि कोणत्या वाटेस उताराचा अभाव नडतो, हे ग्रामपंचायतीस स्पष्ट दिसेल.

पंचायतीचे काम

अनेक पाणंदी वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने शेतांपेक्षा खोल गेल्या आहेत. दोन्ही बाजूंच्या बांधांचे पाणी त्यांत उतरते. तेव्हा मुरूम टाकण्यापूर्वी पाण्यास वाट करून द्यावी. दोन्ही कडांना चर काढून ते नाल्यास मिळवावेत. ३ मीटर रुंदीच्या वाटेचा मध्य कडांपेक्षा सुमारे ६ सेंटिमीटर उंच ठेवावा. त्यानंतर मुरूम थराथराने पसरून दाबावा. चर न काढता भिजलेल्या काळ्या मातीवर टाकलेला दगड-मुरूम खाली रुतत जातो आणि गावचा पैसाही त्याबरोबर रुततो. चर बुजवून शेत वाढवण्याचा मोह बांधाशेजारच्या शेतकऱ्यांनी टाळावा. त्या चरावरच त्यांच्याही मालाची वाहतूक अवलंबून असते.

माती बदलणे आपल्या हाती नाही. उतार देणे, चर मोकळे ठेवणे आणि ओल्या वाटेस एक-दोन दिवसांची उसंत देणे हे मात्र प्रत्येक गावाच्या हाती आहे. ही कामे मृगापूर्वी झाली, तर पावसाळ्यातही शाळेची वाट उघडी राहील.